वॉर्डाची खिडकी उघडू द्या

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस
(प्रत माहितीसाठी : सार्वजनिक बांधकाम विभाग)

मंत्रिमहोदय,



मी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेतून निवृत्त झालेला उपअभियंता. नोकरीची बरीचशी वर्षं सरकारी रुग्णालयांच्या सबस्टेशनांत, लिफ्टच्या मशीनरूममध्ये आणि ‘साहेब, थिएटरचा एसी बसला’ असे फोन घेण्यात गेली. निवृत्तीनंतर रुग्णालयाशी संबंध उरला तो नातेवाईक म्हणून. हे पत्र त्या दुसऱ्या नात्यातून सुरू झालं, पण लिहिताना पहिलं नातं मध्ये मध्ये डोकावणारच.

गेल्या मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीला एका सरकारी रुग्णालयाच्या नव्या इमारतीत दाखल केलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. गाव बदललं तरी इमारत तीच असते. दर्शनी बाजूला निळी काच, पोर्चला चकचकीत पत्र्याचं आवरण, आत ग्रॅनाइट. मेडिसिनचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. त्याची पश्चिमेकडची सगळी भिंत काचेची आणि काच पक्की बसवलेली, उघडायची सोयच नाही. वातानुकूलन एक उन्हाळा चाललं म्हणे. आता दुरुस्तीवाला ठेकेदार म्हणतो बिल थकलंय, आणि कार्यालय म्हणतं अनुदान आलेलं नाही. दुपारी साडेतीनला नातेवाईक एक्स-रेच्या पाकिटांनी पेशंटला वारा घालत होते. ऊन थेट खाटांवर येतं म्हणून वॉर्डातल्या मावशींनी काचेला आतून जुन्या चादरी बांधल्या होत्या. चादरींमुळे अंधार झाला, म्हणून भर दुपारी सगळे दिवे चालू.

त्याच आवारात जुनी इमारत उभी आहे. जाड दगडी भिंती, पंधरा फुटांवर छत, दोन्ही बाजूंनी व्हरांडे, दारांच्या वर झरोके. तिथे आता मोडक्या खाटा आणि केसपेपरांचे गठ्ठे ठेवतात. मी पाच मिनिटं त्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. घाम वाळला.

आता तुम्हालाच पत्र का, ते सांगतो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी १० नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं : मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. महाविद्यालय म्हटलं की रुग्णालय आलं, वसतिगृहं आली, ग्रंथालय, शवागार, धुलाईघर, सगळं आलं. अशा इमारती एकदा उभ्या राहिल्या की पन्नास-साठ वर्षं हलत नाहीत. त्या कशा उभ्या राहतात, हे बघण्याचा अधिकार आज तुमच्या खात्याकडे आहे.

‘शाश्वत’ हा शब्द हल्ली प्रत्येक प्रस्तावात असतो. लहानपणी हा शब्द मी कीर्तनात ऐकायचो, ईश्वराबद्दल. फायलीत तो आला की त्याचा अर्थ बहुधा गच्चीवरची सौर पॅनेलं आणि दारातली चार झाडं एवढाच उरतो. रुग्णालयाच्या बाबतीत मला त्याचा फार साधा अर्थ लागतो : वीज गेली, एसी बिघडला, अनुदान अडकलं, तरी ज्या इमारतीत माणूस श्वास घेऊ शकतो ती शाश्वत.

आपल्या आधीच्या लोकांना हे कळत होतं. पुण्याचं ससून १८६७ चं, परळचं केईएम १९२६ चं. त्या काळात बांधणाऱ्यांकडे एसी नव्हता, म्हणून त्यांना वाऱ्याचा अभ्यास करावा लागला. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा मोठा हात होता. १८५९ मध्ये तिनं रुग्णालयांच्या बांधणीवर पुस्तकच लिहिलं : लांबट वॉर्ड, समोरासमोर खिडक्या, उंच छत, खाटांमध्ये अंतर. भारतात कधीही पाऊल न टाकता या बाईंनी इथल्या लष्करी छावण्यांच्या आरोग्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांची रोगाबद्दलची समजूत पुढे जुनी ठरली. खिडकीबद्दलची ठरली नाही.

ठरली नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. पेरू देशातल्या लिमा शहरातल्या ८ रुग्णालयांत संशोधकांनी ७० खोल्यांमधली हवा तासाला किती वेळा बदलते ते मोजलं. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. खिडक्या-दारं उघडी असलेल्या खोल्यांत साधारण २८ वेळा. यंत्रानं हवा खेळवणाऱ्या खोल्यांत १२ वेळा. आणि पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत तब्बल ४०, तर नव्या इमारतींत खिडक्या उघडूनही १७. हा अभ्यास क्षयरोगाच्या संसर्गासाठी केला होता. आपल्याकडच्या मेडिसिन वॉर्डात, निदान व्हायच्या आधी, खोकत बसलेले किती पेशंट असतात ते तुमच्या कुठल्याही निवासी डॉक्टरला विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनंही २००९ मध्ये नैसर्गिक वायुवीजनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात साध्या वॉर्डासाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा सांगितली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती खात्यातल्या कित्येकांनाही ठाऊक नसते. भिंतीवर लावलेला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. खिडक्या बंद करून अशा सहा एसींवर चालवलेला वॉर्ड म्हणजे चाळीस जणांनी एकमेकांचा श्वास वाटून घेणं आहे, फक्त गारव्यात.

मी एसीच्या विरोधात नाही. माझी अर्धी नोकरी त्यावरच झाली. शस्त्रक्रियागृहाला तासाला किमान २० वेळा गाळलेली हवा बदलून हवी, अतिदक्षता विभाग, भाजलेल्यांचा कक्ष, नवजात बालकांचा कक्ष, रक्तपेढी, एमआरआय, औषधसाठा यांना नियंत्रित हवा हवीच. तिथे काटकसर करू नका. पण या जागांचं क्षेत्रफळ एकूण इमारतीत किती असतं? ओपीडी, केसपेपरच्या रांगा, जिने, कॉरिडॉर, साधे वॉर्ड, वर्गखोल्या, वसतिगृह हे सगळं धरलं तर थोडंच. आणि सगळ्यासाठी एकच मोठा चिलर बसवतात. मग रात्री दोन वाजता एका सिझेरियनसाठी दोनशे टनांचं यंत्र धापा टाकत चालतं. आमच्याकडे एस्टिमेट करताना ‘हात मोकळा ठेवा’ असं म्हणतात. असा मोकळा हात ठेवून घेतलेला चिलर मी आयुष्यात एकदाही पूर्ण भारावर चाललेला पाहिला नाही; आणि अर्ध्याहून कमी भारावर तो वीज खातो ती वेगळीच. थिएटर आणि आयसीयूला वेगळं, छोटं, जोडीनं चालणारं यंत्र द्या, बाकी इमारतीला सावली आणि वारा द्या. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी देशातल्या रुग्णालयांच्या वीजवापराची एक पाहणी झाली होती. सरकारी रुग्णालयांत दर खाटेमागे वर्षाला साधारण २,००० युनिट, तर बहुविशेषता खासगी रुग्णालयांत साधारण १४,००० युनिट असा आकडा तेव्हा आला. फरकात यंत्रसामग्रीचा आणि सोयींचा वाटा मोठा, हे कबूल. कमी आकड्याचं कौतुकही करण्यात अर्थ नाही. त्यात बंद पंखे आणि न आलेली यंत्रंही आहेत. पण उघड्या खिडक्याही आहेत. नव्या इमारती बांधताना आपण यंत्रं घ्यायची सोडून खासगीवाल्यांची काच तेवढी उचलली.

ती काच तरी त्यांच्याकडे कुठून आली? वांद्रे-कुर्ला संकुल, हिंजवडी अशा ठिकाणच्या कार्यालयांच्या इमारतींतून. थंड देशात सूर्य आत घ्यायला काच लावतात. आपण सूर्य आत घेतो आणि मग त्याला बाहेर काढायला वीज जाळतो. गंमत अशी की कार्यालयवाले यातून शहाणे होऊ लागलेत. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसनं एक इमारत दोन सारख्या भागांत बांधली. एका भागात नेहमीचं, पण चांगल्या दर्जाचं वातानुकूलन. दुसऱ्यात छताच्या स्लॅबमधल्या नळ्यांतून गार पाणी फिरवून गारवा. दुसऱ्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. सरकारचंही उदाहरण आहे. दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन केंद्रीय बांधकाम खात्यानं बांधलं, २०१४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, गच्चीवर ९३० किलोवॉटची पॅनेलं. पण पॅनेलांच्या आधी इमारतीची दिशा, मधलं अंगण आणि आत येणारा उजेड यांचा विचार झाला. सिंगापूरला २०१० पासून चालू असलेलं खू टेक पुआट रुग्णालय तर आपल्या कोकणाइतक्याच दमट हवेत आहे. तिथले अनुदानित वॉर्ड उघड्या खिडक्यांवर चालतात. भिंतीबाहेर उभ्या पट्ट्या लावून वारा आत वळवलाय. श्रीमंत देशानं आपल्या गरीब पेशंटांना दिलेली ही सोय आहे, तडजोड नाही.

आपल्याकडे दिशेचा प्रश्न जरा अवघड आहे, तो आर्किटेक्टांवर ढकलून चालणार नाही. मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा पुरतो. तीननंतर तो पश्चिमेला उतरतो आणि छज्ज्याखालून थेट आत शिरतो. तिथे कितीही रुंद छज्जा उपयोगाचा नाही. उभे आडोसे, जाळी, व्हरांडा किंवा झाड लागतं. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहं, स्टोअर. अंबरनाथला मात्र वाराही पश्चिमेचाच, त्यामुळे तिथे ती बाजू बंद करूनही भागत नाही, व्हरांडा हवाच. बुलढाणा घाटावर, तिथली हवा निराळी. जालन्याची कोरडी, तिथे रात्री गार हवा आत घेऊन जाड भिंती थंड करता येतात. दहा गावांना एकच टाइप प्लॅन लावला तर नऊ ठिकाणी तो चुकणार आहे.

आता पैशाकडे येतो, कारण फाइल तिथेच अडते. बांधकामाचं लेखाशीर्ष वेगळं, वीजबिलाचं वेगळं, देखभालीचं तिसरंच. काच स्वस्तात बसवली तर बांधकामाच्या अंदाजपत्रकात बचत दिसते. तिचं वीजबिल पुढची पन्नास वर्षं अधिष्ठाता भरतात, आणि टेंडर उघडलं तेव्हा ते त्या खुर्चीत नव्हते. सगळ्यात कमी दर भरणारा एल-वन ठरतो. सगळ्यात कमी वीज खाणारा ठरत नाही. पंख्याचं साधं गणित घ्या. जुना छतपंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रुग्णालयात पंखा वर्षाला ६,००० तास सहज फिरतो. ५०० पंख्यांमागे वर्षाला १,३५,००० युनिट वाचतात. युनिट ९ रुपयांचं धरलं तर १२ लाख. पंख्यामागे दीड हजार जादा मोजले तरी होतात साडेसात लाख. हे गणित मी एकदा टिपणीत मांडलं होतं. शेरा आला : ‘दरसूचीत बाब नाही.’

कायदा नाही असंही नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संहिता २००७ ची, सुधारित २०१७ ची. जोडभार किमान १०० किलोवॉट किंवा करारमागणी किमान १२० केव्हीए असलेल्या इमारतींसाठी ती आहे. तुमचं कुठलंही नवं रुग्णालय त्यात बसतं. तिच्या साध्या मार्गात खिडक्या-काचेचं प्रमाण भिंतीच्या ४० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनं कायद्याची व्याप्ती आणखी वाढवली. मला विचारायचं आहे ते इतकंच : या दहा रुग्णालयांच्या तांत्रिक मान्यतेच्या आदेशात या संहितेचं नाव अट म्हणून घालाल का?

प्रमाणपत्रांबद्दलही एक शब्द. हरित इमारतीची प्लॅटिनम, सुवर्ण, पंचतारांकित अशी मानांकनं असतात, आणि त्यांतली काही मेहनतीनं मिळवलेली असतात. पण आराखड्यावर मिळालेली तारांकित पाटी आणि पाचव्या वर्षीचं वीजबिल यांचं फारसं बोलणं नसतं. एका इमारतीत सगळी यंत्रणा संगणकावरून चालवण्याची सोय होती. त्याचा पासवर्ड ठेकेदाराच्या एका मुलाला माहीत होता, आणि तो मुलगा दुबईला गेला. पुढे त्या संगणकावर मामा लोक चहाचे कप ठेवत. तिथल्याच गच्चीवरच्या सौर पॅनेलांवर धुळीचा असा थर होता की कुणीतरी बोटानं क्रिकेटचा स्कोअर लिहून ठेवला होता. पॅनेलांच्या टेंडरमध्ये ती धुण्यासाठी गच्चीवर नळ आणि तो नळ सोडायला माणूस या दोन गोष्टी नव्हत्या. ऑपरेटर आणि वायरमनची पदं मंजूर केल्याशिवाय यंत्रं मंजूर करू नका, ही विनंती मी हात जोडून करतो.

पाण्याचं थोडक्यात. भारतीय मानकानुसार शंभराहून जास्त खाटांच्या रुग्णालयाला दर खाटेमागे दिवसाला ४५० लिटर पाणी धरतात. ५०० खाटांना सव्वादोन लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर रोजचे बावीस-तेवीस. जालन्यानं २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलाय. डायलिसिसच्या आरओ यंत्रातून फेकलं जाणारं पाणी बहुतेक ठिकाणी थेट गटारात जातं. ते स्वच्छतागृहाच्या टाकीत न्यायला एक वेगळी पाइप लागते, आणि ती भिंत बांधतानाच टाकावी लागते. नंतर फोडून कुणी टाकत नाही.

भुलीच्या वायूंचंही तसंच. नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा वायू, आणि भिंतीतल्या लांबच लांब पाइपांतून पेशंटपर्यंत पोहोचण्याआधीच तो बराच गळतो. विलायतेतली कित्येक रुग्णालयं आता ही पाइपलाइन बंद करून यंत्राजवळ छोटा सिलिंडर ठेवतात. नव्या ठिकाणी ती घालण्याआधी भूलतज्ज्ञांना एकदा विचारा. कदाचित खर्चच वाचेल.

आणि आग. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळं गेली. त्या दिवशी मी नोकरीत असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न अजून जात नाही. त्या घटनेच्या कारणांवर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच सांगतो की पंख्यासाठी ओढलेल्या जुन्या वायरिंगवर एसी, वॉर्मर, मॉनिटर असा भार चढत जातो, तो कुणी मोजत नाही, आणि बंद खोलीत धुराला वाट नसते. २०११ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या एका खासगी रुग्णालयात नव्वदच्या आसपास माणसं दगावली; बरीचशी धुरानं. अग्निशमन दलाला बाहेरून काचा फोडाव्या लागल्या. उघडणारी खिडकी वीज वाचवते हे मी वर लिहिलं; तिचा हाही एक उपयोग आहे. भंडाऱ्यातही आता नवं महाविद्यालय आहे.

माझी मागणी लहान आहे. या दहा महाविद्यालयांपैकी जिथे रुग्णालयाच्या इमारतीचा पाया अजून भरलेला नाही, तिथे साध्या वॉर्डांचा आराखडा वीज बंद आहे असं धरून तपासून घ्या. मे महिना, दुपार, वीज नाही. तरी वॉर्डात वारा येतो का, उजेड येतो का, पाणी चढतं का. मग वीज जोडा. पाच वर्षांनी दर खाटेमागे वर्षाला किती युनिट जळली तो आकडा रुग्णालयाच्या दारात फळ्यावर लिहायला लावा, अपघात विभागाच्या नंबराशेजारी.

आपला नम्र,
एक निवृत्त उपअभियंता (विद्युत)

ता. क. : बहीण बरी होऊन घरी आली. ती दाखल असताना वॉर्डातल्या सिस्टरनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘तुम्ही त्याच खात्यातले ना, यातल्या चार काचा तरी काढून जाळ्या बसवून द्याल का?’ मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की इमारत ठेकेदाराच्या दोषदायित्व कालावधीत आहे, काचेला हात लावता येणार नाही. तो कालावधी कधी संपतो तेही मी विचारून घेतलं. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात. म्हणजे मध्ये अजून एक मे महिना आहे.